दुसऱ्याच्या खाचरात

जुलैचा दुसरा आठवडा असावा आणि मुरबाडहून म्हशाच्या रस्त्याला लागावं. दोन्ही अंगांना पाणी तुंबलेली खाचरं, त्या पाण्यात उतरलेले ढग आणि ढगांच्या मधोमध कमरेत वाकलेली माणसं. कुणाच्या डोक्यावर इरलं, कुणाच्या पाठीवर निळ्या प्लास्टिकची खोळ. गावात शिरून हाक मारली तर घरातून ओ येत नाही. म्हाताऱ्या, पोरं, दूर दिलेल्या लेकीसुद्धा, सगळी आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला. पलीकडे सिद्धगड-गोरखगडाच्या अंगावरून पाणी कोसळत असतं आणि ते पाहायला मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. वाकलेल्या माणसांना तिकडे मान वर करायला सवड नसते.

भाताची तऱ्हाच अशी आहे. एप्रिल-मेमध्ये राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, गवत, त्यावर मातीचा पातळ थर, आणि वारा पडलेला पाहून आग. मृगाचा पाऊस पडला की त्या काळ्या राखेत पेरणी. वीस-पंचवीस दिवसांत रोप वीतभर होतं, ते उपटून मुठी बांधायच्या आणि चिखळणी केलेल्या खाचरात लावायच्या. रोप कुणासाठी थांबत नाही. दिवस वर गेले की ते निबर होतं आणि मग फुटवे कमी येतात. पाऊसही थांबत नाही; आज खाचरात घोट्याएवढं पाणी आहे म्हणून उद्या असेलच असं नाही. म्हणजे सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात सगळे हात लागतात आणि कुठल्याच घरात तेवढे हात नसतात.

म्हणून आमच्याकडे हातांची देवघेव असे. आज आम्ही तुमच्या खाचरात, परवा तुम्ही आमच्या. पैसा मधे येत नसे. दुपारची भाकरी, सुकटीची चटणी आणि संध्याकाळचा चहा ज्याचं शेत त्याच्याकडे. याची वही कुणी ठेवली नाही, पण कुणाच्या घरून किती माणसं आली होती आणि त्यांच्यात नवखी पोरं किती, जाणती बाई किती, हे माझ्या आईला पुढच्या आषाढापर्यंत पाठ असे. घाटावर, माळशेजच्या वरच्या अंगाला, जुन्नर-आंबेगावकडच्या महादेव कोळ्यांत याच रीतीची पडकई आहे. पाचदहा घरांनी एकत्र यायचं, डोंगरउतारावर एकेकाच्या जमिनीत दगडाच्या ताली घालून भातखाचर पाडायचं, एकाचं झालं की दुसऱ्याचं. ‘शाश्वत’ संस्थेने ही पडकई रोजगार हमीत बसवून घेतली आणि भीमाशंकरच्या परिसरात तिच्यावर पुष्कळ खाचरं उभी राहिली. आमच्याकडे मात्र देवघेव विरत चालली आहे. पोरं मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, कल्याण-भिवंडीच्या गोदामांत जातात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात. खाचराच्या बांधावर कुणाची वाट पाहत उभी राहिलेली म्हातारी माणसं मी दरवर्षी पाहते.

हे एवढं सांगितलं, कारण परदेशातली पोरं आमच्या खाचरात आवणीला आली तेव्हा काय घडलं, ते या रीतीशिवाय कळायचं नाही.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, नोकरी शहापुरातली, इंग्रजी शिकवण्याची. त्यामुळे डोंगराखालच्या एका वाडीत काम करणाऱ्या संस्थेने मला दुभाषी म्हणून बोलावलं. आलेल्यांत जर्मनीचे काही, कोरियाचे काही, एक मुलगी स्पेनची, आणि बरोबर पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलं. काही जण निघण्याआधी वर्षभर कुठेतरी नोकरी करून तिकिटाचे पैसे साठवून आलेले. त्यांना काम करायचं होतं, मनापासून करायचं होतं. वाडीतल्या लोकांना त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं.

शेताची मालकीण ठाकूर समाजातली एक आजी. तिने आधी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. बूट काढायला लावले. मग खाचराच्या कडेला बसवून एक मूठ सोडली आणि दाखवलं. डाव्या हाताच्या कोपराशी मूठ टेकवून धरायची. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं यांत दोन-तीन काड्या घ्यायच्या. मुळं बोटांच्या पुढे राहिली पाहिजेत, म्हणजे बोटांच्या जोराने तीच आधी चिखलात शिरतात. खोल घालायची नाहीत, नुसती बसवायची. आणि मागे मागे सरकायचं, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. “बाय, हात खोल नको घालू. त्याला जीव घेया जागा ठेव,” असं ती म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. एका जर्मन मुलीने मान हलवली आणि रोप मनगटापर्यंत गाडलं.

दुपारपर्यंत त्या खाचराची अवस्था पाहण्यासारखी झाली होती. काही रोपं पाण्यावर तरंगत होती, काही नाहीशी झाली होती. आजीच्या सुना मागून येऊन ओळी पुन्हा लावत होत्या. म्हणजे काम दुप्पट झालं होतं. कुणाला राग आला नव्हता, पण काळजी मला दिसत होती. मुठी बांधून ठेवल्या होत्या आणि त्या उद्यापर्यंत टिकवायच्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते. बाहेरून मदतीला आलेला माणूस पहिले काही दिवस मदत नसतोच, ओझं असतो. शेत त्याला पोसतं, शिकवतं आणि त्याची चूक निस्तरतं. तो चार दिवसांत फोटो काढून निघून गेला तर शेत तोट्यात जातं. तो राहिला, त्याचा हात बसला, तरच हिशेब फिरतो. ती जर्मन मुलगी राहिली. आठवडा उलटल्यावर मी पुन्हा गेले तेव्हा ती आजीच्या शेजारी, तिच्याच चालीने मागे सरकत होती, आणि तिच्या ओळीला कुणी हात लावत नव्हतं.

जेवताना त्या दिवशी आजीने मला विचारलं, “हिला इचार, हिच्या घरची आवणी कधी असती?”

मी विचारलं. मुलगी गोंधळली. तिच्या आजोबांची जमीन होती, बटाटे पिकायचे, ती केव्हाच विकली गेली. आई-वडील शहरात, फ्लॅटमध्ये. घरची शेती नाही. मी आजीला सांगितलं.

आजी गप्प झाली. तिला हे अवघड वाटलं. तिच्या लेखी या मुलीने तिच्या खाचरात इतके दिवस घातले होते आणि ते फेडायचे होते. फेडायला शेतच नाही म्हटल्यावर ते देणं अंगावर राहणार. भाकरीचा शेवटचा तुकडा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “तिकडं कुनाचं तरी शेत असंलच की. त्याच्यात जा म्हनावं दोन दीस. म्हंजे फिटलं.”

मुलगी म्हणाली, जाईन.

त्यानंतर या विषयावर मी जे काही वाचलं ते आजीच्या या बोलण्याच्या उजेडात वाचलं. परक्या देशात जाऊन राबण्याची ही चळवळ सुरू झाली तीही फेडण्यातूनच. पहिलं महायुद्ध संपलं आणि १९२०च्या नोव्हेंबरात पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनियर मूठभर सोबती घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन नावाच्या गावी गेला. लढाईने ते गाव जमीनदोस्त झालेलं. सोबत्यांत जर्मन होते, ज्यांच्या देशाच्या तोफांनी ते गाव मोडलं होतं. हिवाळाभर त्यांनी ढिगारे उपसले, लाकडी घरं उभारली, रस्ता नीट केला, जमीन साफ केली. जर्मनांचं तिथे असणं मात्र सगळ्यांना सोसवलं नाही आणि पाचेक महिन्यांत काम गुंडाळावं लागलं. त्यातून उभी राहिली ती ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’. बिनपगारी काम, साधं राहणं, आणि ज्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या त्यांनी एकाच खोऱ्याफावड्याला हात लावणं, एवढाच तिचा कार्यक्रम. सेरेझोल एका माजी स्विस राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. त्याने लष्करी कर भरायचं नाकारलं आणि तुरुंगवास पत्करला होता.

१५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला. सेरेझोल हिंदुस्थानात आला, गांधीजींना भेटला, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन मुजफ्फरपूर भागात मोजक्या युरोपीय सोबत्यांसह गावं पुन्हा वसवायला लागला. इंग्रजांचं राज्य असताना गोरी माणसं बिहारच्या उन्हात घमेली उचलत होती, आणि तीही पाहुणी म्हणून काही दिवस नव्हे, हंगामामागून हंगाम येऊन.

आपल्या महाराष्ट्रात ‘सर्व्हिस सिव्हिल’ची खूण आनंदवनात आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला वरोऱ्याच्या त्या माळावर बाबा आमटे आणि साधनाताई कुष्ठरुग्णांसोबत विहिरी खणत होते, भाजीपाला पिकवत होते. पण तो विकत घ्यायला वरोऱ्याचं गिऱ्हाईक धजत नव्हतं. तेव्हा संस्थेचे अनेक देशांतले तरुण कार्यकर्ते तिथे येऊन राहिले. त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या, कुष्ठरुग्णांच्या पंगतीत जेवले, त्यांनी पिकवलेलं खाल्लं. गावकरी आधी कुतूहलाने बघायला आले. मग हळूहळू त्यांची भीती गेली. आनंदवनाच्या भाजीला बाजार मिळाला त्यामागे त्या जेवणाचा मोठा वाटा आहे. मला वाटतं, त्या पोरांनी रचलेल्या विटांपेक्षा त्यांनी खाल्लेली भाजी मोलाची ठरली. पुढे सोमनाथला बाबांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात, १५ ते २२ तारखेला, महाराष्ट्रभरातली मुलं तिथे कुदळ-फावडं घेऊन जातात. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी हातात पहिली कुदळ तिथे धरली.

शेतावर राबायला जाण्याची आज जगभर चालणारी रीत १९७१ सालची. स्यू कॉपर्ड ही लंडनमधली सेक्रेटरी. शहरात राहून गावाला मुकलेली. तिने ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार काम करायची परवानगी मागितली आणि चौघेजण गेले. ते ‘वूफ’ आता शंभराहून जास्त देशांत पसरलं आहे. राहणं-खाणं शेतकऱ्याकडून, दिवसाचे काही तास काम पाहुण्याकडून. तिच्या या साध्या मागणीत मला आमच्या दूर दिलेल्या लेकी दिसतात, आवणीचं निमित्त करून माहेरी येणाऱ्या.

आता दुसरी आठवण. तिच्यावाचून हे लिहिणं खोटं ठरेल. फुकटचे श्रम म्हटलं की जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी म्हाताऱ्यांना देवघेव आठवायच्या आधी वेठ आठवते. सावकाराच्या, जमीनदाराच्या शेतात आधी राबायचं, मग वेळ उरला तर आपल्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही आयुष्यभराचे लग्नगडी. १९४५च्या जानेवारीत आमच्या कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव-डहाणूकडचे थोडे वारली तिथे आले होते. ते परत गेले, आणि त्या वर्षी वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये तो इतिहास आहे. वेठबिगार कायद्याने बंद झाली १९७६ साली, तरी पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपायी भट्टीवर अडकलेली कातकरी कुटुंबं सोडवून आणल्याच्या बातम्या आजही याच तालुक्यांतून येतात.

त्यामुळे परक्या देशातलं पोर बिनपैशाने खाचरात उतरतं तेव्हा कुणाच्या खाचरात उतरतं, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात आधी विचारला पाहिजे. शहापूर-मुरबाडमध्ये जमिनी कशा गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. भातसा धरणाखाली गेल्या. ते पाणी मुंबईला जातं आणि कसाऱ्याकडच्या पाड्यांवर मार्चनंतर टँकरची वाट पाहतात. महामार्गाखाली गेल्या. आणि तुकड्या-तुकड्याने फार्महाऊसखाली गेल्या. बापाने विकलेल्या जमिनीवर मुलगा राखणदार म्हणून उभा आहे, फाटक उघडतो, सोमवारी गवत कापतो, ही उदाहरणं एखाददुसरी नाहीत. अशा एखाद्या फार्मवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात सेंद्रिय शेतीचा अनुभव’ म्हणून परदेशी मुलांना बोलावलं, त्यांच्याकडून फी घेतली आणि टोमॅटोच्या वाफ्यात आठवडाभर फिरवलं, तर ते ठाकूर राखणदाराच्या मजुरीला कात्री लावणंच आहे. काम गावाच्या हातातून काढून पैसे देणाऱ्या हौशी हातात गेलं, एवढाच त्याचा अर्थ. सामुदायिक शेत म्हणजे ज्याच्या धान्यावर, बियाण्यावर आणि निर्णयावर गावाचा हक्क आहे ते शेत. याच डोंगराळ भागात भाई कोतवालांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला धान्यकोठ्या काढल्या होत्या. पुढे आझाद दस्त्याचा हा तरुण २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलासोबत इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. शेतीत तरुणांनी काय घालावं याचं माप आमच्या डोंगराने असं आधीच घालून दिलेलं आहे.

जगात असं सामुदायिक शेत मला एका ठिकाणी फार जवळचं वाटतं. मी तिथे गेलेली नाही. त्याच्याविषयी मिळेल ते वाचते. जपानच्या तोचिगी प्रांतात, नासुशिओबारा शहरात ‘एशियन रुरल इन्स्टिट्यूट’ आहे. तोशिहिरो ताकामी यांनी १९७३मध्ये ती काढली. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या खेड्यांत काम करणारी पंचवीस-तीस माणसं दरवर्षी तिथे नऊ महिने राहायला येतात, एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे पेरणीआधीपासून पीक घरात येईपर्यंत. त्यांच्याबरोबर अमेरिका, युरोप आणि जपानातली तरुण स्वयंसेवक मुलं. पहाटे सगळ्यांचा व्यायाम, मग झाडलोट, मग न्याहारीआधीच डुकरं, कोंबड्या, भाजीचे वाफे. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना. खाण्यातलं बहुतेक सगळं तिथेच पिकवलेलं. भाताची लावणी सगळे मिळून हातांनी करतात आणि कापणीनंतर ऑक्टोबरात सण करतात.

मला भावते ती तिथली मांडणी. घानाचा किंवा म्यानमारचा खेड्यातला कार्यकर्ता तिथे शिकायला येतो हे खरं, पण जर्मनीहून आलेल्या विद्यापीठातल्या मुलाला कोंबडी कशी धरायची ते तोच शिकवतो. परदेशी स्वयंसेवक गरिबाला वर काढायला आलेला नसतो. त्याला तिथे ज्येष्ठ असतात, आणि ते ज्येष्ठ कधी मणिपूरचे असतात, कधी झांबियाचे. ११ मार्च २०११च्या भूकंपाने त्या संस्थेच्या इमारती खिळखिळ्या केल्या आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीतून उडालेला किरणोत्सर्ग त्यांच्या मातीवर येऊन पडला. वर्षानुवर्षं विषमुक्त ठेवलेली ती माती. संस्थेने शेत सोडून दिलं नाही. तिथल्या लोकांनी धान्यातला, भाजीतला किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आणलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाही माल तपासून द्यायला लागले. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

आमच्या वाडीतल्या आजीला मी हे सगळं सांगितलं नाही. पण तिने त्या पोरांना जे दिलं ते त्याच जातीचं होतं. पावसाच्या एका उघडिपीत ती त्यांना जंगलात घेऊन गेली. शेवळाचे दिवस सरत आले होते, तरी ओल्या पानांखालून तिने दोनचार कोंब शोधले आणि ते तसेच शिजवले तर घसा खवखवतो हे सांगून जवळच्या झाडावरची आंबट काकडं दाखवली. ती घातली की खाज मरते. टाकळा, कुर्डू, भारंगी, कुड्याची फुलं. कुठली कधी तोडायची, किती तोडायची, कुठली पहिल्या पावसानंतर खायची नाही. कोरियाची मुलं वहीत चित्रं काढत होती. मुंबईची मुलं, ज्यांच्या आजोळचं रान इथून फार तर शंभर किलोमीटरवर असेल, तीही पहिल्यांदाच ऐकत होती. नेरळ भागात वनवाडी नावाचं एक रान आहे. १९९४मध्ये मित्रमंडळींनी पैसे एकत्र करून घेतलेलं आणि पुन्हा वाढू दिलेलं. तिथल्या शंभराहून जास्त वनस्पतींचे उपयोग ओळखून सांगितले ते शेजारच्या आदिवासींनीच. ज्या माणसांकडे हे ज्ञान आहे त्यांचा दाखल्यावर शेरा मात्र ‘अशिक्षित’ असा. त्या दिवशी रानात शिकणारे कोण आणि शिकवणारे कोण याविषयी कुणालाच शंका नव्हती.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते दुसरंच. ही सगळी उलाढाल वाडीतली पोरं पाहत होती. दहावी-बारावी झालेली, मोबाइल हातात, आवणीला उतरायला लाजणारी. परदेशातली मुलगी पैसे खर्च करून आपल्या आजीकडून रोप लावायला शिकते आणि तिच्या घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं, हे पाहून त्यांच्यातल्या एकाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरला. त्याला सगळं येत होतं. लहानपणापासून पाहिलेलं होतं. हात आपोआप चालायला लागले. आजीने त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, फक्त स्वतःच्या हातातली अर्धी मूठ त्याच्याकडे सरकवली. बाहेरच्यांच्या डोळ्यांनी आपलं पाहायची पाळी यावी याचं मला वाईट वाटलं, आणि पोरगा उतरला याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

हा पोरगा उद्या नासुशिओबाराला का जाऊ नये? त्याला राब येतो, चिखळणी येते, हळव्या-गरव्या भाताचा फरक येतो, कुठल्या डोंगराला ढग टेकला की किती वेळात पाऊस येतो ते येतं. एवढं येणारा पोरगा तिथे कुणापुढे कमी पडणार नाही. तिथे निवड होते ती गावात काम करणाऱ्यांची, संस्थेच्या शिफारशीने, आणि राहण्या-शिकण्याचा खर्च बव्हंशी देणग्यांतून निघतो. त्याने तिथून शिकून यायच्या गोष्टी पुष्कळ आहेत: बियाणं राखणं, खत घरीच करणं, हिशेब सगळ्यांपुढे मांडणं, बायकांच्या शब्दाला निर्णयात जागा देणं. पण तो हातात काहीतरी घेऊन जाईल, रिकाम्या हाताने जाणार नाही. आमच्या तालुक्यांतल्या आश्रमशाळांनी, कॉलेजांनी आणि इथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संघटनांनी अशा मुलांना हेरून पुढे ढकलावं, पासपोर्टपासून मदत करावी. परदेश म्हणजे फक्त आयटीवाल्यांचा, ही समजूत मोडायला एका ठाकूर किंवा कातकरी मुलीचं विमानात बसणं पुरेसं आहे.

आणि तोवर जे हाताशी आहे ते करायला काय हरकत आहे? कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या मुलांना कसारा लोकल शहापूरच्या दारात आणून सोडते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कुठेही उतरा. मुरबाडला कल्याणहून एसटी आहे. ज्या भातसा नदीचं पाणी ठाण्या-मुंबईच्या नळाला येतं तिच्या काठची ही माणसं आहेत, त्यामुळे मदत करायला निघालो असं मनात आणू नका. देणं लागतो म्हणून या. धबधब्याचा रविवार सोडून द्या. जूनच्या अखेरीस एखाद्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा ओळखीच्या संस्थेत विचारा, कुणाच्या खाचरात यंदा माणूस कमी आहे. सलग आठवडा काढा, कारण पहिले दोन-तीन दिवस तुमच्या ओळी दुसऱ्याच कुणालातरी पुन्हा लावाव्या लागणार आहेत. फार्महाऊसवर जाऊ नका, ज्याचं पोट त्या भातावर आहे त्याच्याकडे जा. भाकरी ते देतील, ती नाकारू नका. आणि ऑक्टोबरात, पीक तयार झालं की, विळा धरायला पुन्हा या.